इंजिनाला किती ताप हवा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बाहेर जानेवारीची थंडी असो की मे महिन्याचं ऊन, माणसाचं शरीर आपलं ३७ अंशांच्या आसपास राहतं. त्यात दोन अंशांची वाढ झाली तर आपण डॉक्टर गाठतो. मोटारीच्या इंजिनाचंही असंच एक ठरलेलं तापमान असतं. ते सांभाळायला मुठीत मावतील अशा दोन वस्तू असतात. एक थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजमध्ये सरळ 'वॉल' म्हणतात. दुसरा रेडिएटरचा पंखा चालू-बंद करणारा 'फॅन स्विच'. दोघांच्याही अंगावर बारीक आकडे उठवलेले असतात. वॉलवर ८२ किंवा ८८, स्विचवर ९२-८७ किंवा ९५-९०. आज मी तुम्हाला या आकड्यांची गोष्ट सांगणार आहे.

तीस वर्षं मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल हा विषय शिकवला. दरवर्षी वर्गात एक तरी मुलगा विचारायचाच, "सर, आपल्याकडे एवढा उन्हाळा. मग इंजिन ८२ अंशांवर कशाला चालवायचं? ६० वर चालवलं तर बरं नाही का?" प्रश्न भाबडा वाटतो, पण मोटार जन्मल्यापासून पुढची पन्नास वर्षं मोठमोठे इंजिनिअर याच प्रश्नाशी झुंजत होते. म्हणून त्याचं उत्तर इतिहासातूनच द्यावं लागतं.

आधी एक ढोबळ हिशेब लक्षात घ्या. पेट्रोलच्या इंजिनात आपण शंभर रुपयांचं इंधन जाळलं, तर चाकं फिरवायला त्यातले पंचवीस-तीस रुपये कामी येतात. साधारण एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर जाते आणि जवळपास तेवढीच सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ही भिंतीत शिरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर तेल जळेल, पिस्टन अडकेल, इंजिन 'सीझ' होईल. म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली उष्णता आपण मुद्दाम बाहेर फेकतो. ती किती फेकायची, हाच सगळा प्रश्न आहे.

कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी याचं अगदी साधं उत्तर शोधलं होतं. इंजिनाभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळू द्यायचं. वाफ उडून जाईल, जाताना उष्णता घेऊन जाईल. रेडिएटर नाही, पंखा नाही, वॉल नाही. चुलीवरच्या पातेल्यासारखा कारभार. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरच्या वरचा हा रस्ता. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून त्याची नोंद आहे. वाटेत इंधन त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण इंधनापेक्षा त्यांना जास्त वेळा शोधावं लागलं ते पाणी. जिथे मिळेल तिथे थांबून टाकी भरायची आणि पुढे जायचं. या गाडीचं तापमान कोणी ठरवलेलं नव्हतं. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून तेच इंजिनाचं तापमान. आकडा निसर्गाने दिलेला होता.

गाड्यांची ताकद वाढली तसं हे पातेलं पुरेना. जर्मनीत डाइम्लर कंपनीतले विल्हेल्म मायबाख यांनी आधी नळ्यांचा रेडिएटर केला आणि १९०० साली मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाखलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जायचा, त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. मागे एक पंखा. या रेडिएटरमुळे ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला अवघं नऊ लिटर पाणी पुरू लागलं. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत ही गाडी गाजली ती ताकदीमुळे, पण ती ताकद सांभाळणारी वस्तू तिच्या नाकावर बसली होती. आजचा रेडिएटर हा त्याच पोळ्याचा वंशज.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना मात्र स्वस्त गाडी हवी होती. १९०८ साली आलेल्या मॉडेल टीच्या पहिल्या अडीच हजारांच्या आसपास गाड्यांना पाण्याचा पंप होता, पुढे तो काढूनच टाकला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, गार झालेलं जड होऊन खाली येतं. या नैसर्गिक फिरण्यावर, म्हणजे थर्मोसायफनवर, लाखो मॉडेल टी चालल्या. पंप नाही म्हणजे पंप बिघडण्याची भीती नाही. पण चढावर, उन्हात, वाळूत पाणी उकळायचं आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन तासभर कोमट व्हायचं नाही. मग लोक रेडिएटरवर घोंगडी टाकायचे, पुठ्ठा बांधायचे. रोल्स-रॉइससारख्या महागड्या गाड्यांना रेडिएटरपुढे खिडकीसारख्या झडपा असत. घोंगडी काय, झडपा काय, काम एकच. वारा किती लागू द्यायचा हे ठरवणं.

पण ठरवायला आधी तापमान कळायला हवं. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत 'बॉइस मोटोमीटर' नावाचा एक थर्मामीटर निघाला. तो रेडिएटरच्या झाकणावरच बसवायचा. आतला लाल द्रव चढताना ड्रायव्हरला समोरच्या काचेतून दिसायचा. इंजिनाला ताप किती आहे, हे प्रथमच चालकाच्या डोळ्यांसमोर आलं.

आता वॉलकडे वळू. तापमान आपोआप सांभाळणारी झडप ज्या पहिल्या गाड्यांना बसली, त्यांत कॅडिलॅकची १९१४ साली आलेली आठ सिलिंडरची गाडी ठळक आहे. इंजिन गार असताना झडप बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ठरावीक तापमानाला झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. सुरुवातीच्या वॉलमध्ये पितळी पत्र्याचा, पेटीच्या भात्यासारखा घड्या असलेला एक डबा असायचा. त्यात लवकर वाफ होणारा द्रव. पाणी तापलं की द्रवाची वाफ व्हायची, भाता फुगायचा आणि दार उघडायचं.

इंजिन लवकर तापावं, ही हौस कशासाठी? ड्रायव्हरचे पाय गरम राहावेत म्हणून नक्कीच नाही. गार इंजिन झिजतं. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्स या संस्थेने सिलिंडरच्या झिजेवर कसून संशोधन केलं. पिस्टनच्या घासण्यामुळेच झीज होते असा तोवर समज होता. संशोधनात दिसलं ते वेगळंच. इंधन जळताना पाण्याची वाफही तयार होते. भिंत पुरेशी गरम नसेल तर ती वाफ भिंतीवर दव पडावं तशी जमते, तिच्यात धुरातली आम्लं विरघळतात आणि लोखंड गंजतं. पिस्टन तो गंज खरवडून नेतो, खालचं कोरं लोखंड पुन्हा गंजायला मोकळं. भिंतीचं तापमान ८०-९० अंशांच्या खाली गेलं की ही झीज भराभर वाढते. शिवाय तेलात पाणी साठून चिखल होतो आणि गार इंजिनाला इंधनही जास्त पाजावं लागतं. वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. ६० अंशांवर इंजिन गार राहील, पण आतून कुरतडलं जाईल.

मग ८२ च का? ही संख्या ठरली ती इंजिनामुळे कमी आणि त्यातल्या पाण्यामुळे जास्त. थंड देशांत पाणी गोठून इंजिनाचा ठोकळा फुटतो, म्हणून लोक पाण्यात अल्कोहोल मिसळत. अल्कोहोल लवकर उडून जातं. त्यामुळे अमेरिकेत अशा गाड्यांना १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ७१ अंश, असा वॉल लावावा लागे. १९२७ साली 'प्रेस्टोन' या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते सहजी उडत नाही. मग वॉल १८० फॅरनहाइटवर, म्हणजे ८२ अंशांवर नेता आला. पुढे १९७० साली अमेरिकेत हवा-प्रदूषणाचा कडक कायदा आला. गरम इंजिनातून न जळलेलं इंधन कमी बाहेर पडतं, म्हणून वॉल १९५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ९१ अंशांपर्यंत चढला. ७१, ८२, ९१. या तीन आकड्यांत मोटारीचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

यात आणखी एका साध्या वस्तूचा हात आहे. रेडिएटरचं झाकण. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाब धरणारं झाकण बसवलं की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. घरातला प्रेशर कुकर याच न्यायाने चालतो. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळतं, लेहला ८८ च्या आसपास. म्हणजे झाकण सैल असलेली, ८८ चा वॉल लावलेली गाडी लेहला नेली, तर दार उघडायच्या बेतालाच पाणी उकळू लागेल. तेच झाकण नीट असेल तर तिथेही ११४ अंशांपर्यंत निर्धास्त. विमानांच्या इंजिनांनीही हाच धडा गिरवला. स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल असे. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली ठेवणं जास्त सोयीचं ठरलं, कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करू शकत नाही.

दाब वाढला आणि भात्याच्या वॉलची पंचाईत झाली. भोवतालचा दाब भात्याला दाबून धरी, मग दार उशिरा उघडे. यावर १९३४ साली सर्जियस व्हर्ने यांनी तोड काढली. पितळेच्या लहान डबीत मेण भरायचं. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि दांडी पुढे ढकलतं. भोवतालच्या दाबाशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या-आमच्या गाडीत आजही हेच मेण आहे. कोणतं मेण भरायचं, यावर वॉलचा आकडा ठरतो.

राहिला पंखा. जुन्या गाड्यांत तो पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. आपल्या प्रीमियर पद्मिनीचा पंखा तसाच होता. मुंबईच्या टॅक्सी म्हणून या गाड्या ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. या पंख्याची खोड अशी, की गरज असो नसो, इंजिन फिरतंय तोवर तो फिरणार. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला आठपट ताकद लागते. हमरस्त्यावर समोरून वारा भरपूर, तरी पंखा ताकद खात भणाणत राहणार. आणि सिग्नलला, जिथे वारा नाही, तिथे इंजिन मंद म्हणून पंखाही मंद. म्हणजे नको तेव्हा जोरात आणि हवा तेव्हा हळू.

ही अडचण सुटली ती इंजिन आडवं बसवल्यावर. १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत इंजिन आडवं होतं, पण पंखा इंजिनालाच जोडायचा म्हणून रेडिएटरही बाजूला, चाकाच्या कोनाड्याकडे तोंड करून बसवावा लागला. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रेडिएटर पुन्हा समोर आला आणि त्यामागे विजेचा पंखा लागला. विजेचा पंखा त्याआधीही होता. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला तो होताच. पण आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांनी तो घराघरांत नेला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा गाडी चालू असूनही पंखा थांबलेला पाहून कितीतरी लोक गोंधळले होते.

या पंख्याला 'आता लाग, आता थांब' असं सांगतो तो फॅन स्विच. पारंपरिक स्विचच्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, आणि चकती टक्कन उलटी वाकते. दोन धातूंची ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने समुद्रावरच्या आपल्या घड्याळासाठी शोधली. जहाजाला रेखांश कळावा म्हणून निघालेली वस्तू आज सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा पंखा लावते.

आता या दोन आकड्यांची जोडी कशी जमवायची? ८२ चा वॉल ८२ ला उघडू लागतो, पण पूर्ण उघडतो ९५ च्या आसपास. स्विचवर आकडे दोन असतात. ९२-८७ याचा अर्थ ९२ ला पंखा लागेल, ८७ ला थांबेल. मधे पाच अंशांचं अंतर नसेल तर पंखा दर मिनिटाला लाग-बंद करत जळून जाईल. स्विच कुठे बसवलाय तेही पाहावं लागतं. रेडिएटरच्या खालच्या, गार बाजूला ९२ अंश असतील, तर इंजिनातून निघणारं पाणी आठ-दहा अंशांनी जास्त गरम असतं. तोच स्विच गरम बाजूला लावला तर त्याचा अर्थच बदलतो.

नियम इतकाच, की वॉलने आपलं काम पुरतं केल्यावर पंख्याने मदतीला यावं. समजा कुणी ८८ च्या वॉलबरोबर, गरम बाजूला, ८२-७७ चा स्विच बसवला. वॉल तर पाणी ८८ च्या खाली जाऊच देणार नाही, मग ७७ येणार कधी? पंखा एकदा लागला की थांबणारच नाही. आणि गंमत म्हणजे त्याने इंजिन गार होणार नाही. पंखा पाणी जास्त गार करू लागला की वॉल आपलं दार तेवढं मिटून घेतो. बॅटरी आणि पंख्याची मोटर तेवढी झिजते.

उलटं, गाडी तापते म्हणून ८२ चा वॉल काढून ७१ चा लावला तरी घाटात उपयोग नाही. चढावर दोन्ही वॉल पूर्ण उघडलेले असतात. तिथे तापमान ठरतं ते रेडिएटर, पंखा आणि पंप यांच्या कुवतीवर. वॉल गार तापमानाची बाजू राखतो, पंखा गरम तापमानाची. एकाच्या आजारावर दुसऱ्याला औषध देऊन भागत नाही.

आपल्याकडे मात्र याहून रामबाण समजला जाणारा उपाय म्हणजे वॉलच काढून फेकायचा. "आपल्या हवेला त्याची गरज नाही," हे वाक्य मी इतक्या गॅरेजमध्ये ऐकलंय, की ते भिंतीवर लिहून ठेवायचं बाकी आहे. माझा एक जुना विद्यार्थी कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर वडापची डिझेल जीप चालवायचा. कुंभार्ली घाटात जीप तापायची. मेस्त्रीने वॉल काढला. सपाटीवर काटा खाली आला, दोघं खूश. घाटात मात्र काटा पूर्वीपेक्षा वर जाऊ लागला. दोनदा हेड गॅस्केट उडालं, हेड प्लेन करून आणलं, तिसऱ्यांदा हेडलाच तडा गेला. जीप बँकेच्या कर्जाची होती. दीड महिना जीप बंद आणि हप्ते चालू. शेवटी त्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या.

झालं काय होतं? कित्येक इंजिनांत वॉलला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरकडचं दार उघडते, त्याच वेळी खालची चकती इंजिनातल्या इंजिनात फिरायची आडवाट बंद करते. वॉल काढला की आडवाट कायमची उघडी. घाटात जेव्हा सगळं पाणी रेडिएटरकडे जायला हवं, तेव्हा त्यातलं बरंचसं गार न होताच पुन्हा इंजिनात शिरतं. काही जण सांगतात, वॉल काढल्यावर पाणी इतकं वेगात पळतं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. ते खरं नाही. पाणी जोरात फिरलं तर उष्णता उलट जास्तच निघते. दोष वेगाचा नसून वाट चुकल्याचा आहे. त्या जीपचा मूळ आजार निघाला तो गाळाने अर्धा बुजलेला रेडिएटर. तो साफ केला, योग्य वॉल बसवला, आणि जीप घाट चढू लागली.

मेस्त्रीला मी नावं ठेवत नाही. गिऱ्हाईक दारात उभं, खिशात पैसे नाहीत, आणि वॉल काढल्यावर काटा डोळ्यांदेखत खाली येतो. त्याला कुणी आडवाटेची चकती दाखवलेली नसते. तोटा होतो तो सहा महिन्यांनी, घाटात, आणि तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. नव्या गाड्यांत तर हा उपाय जास्तच महाग पडतो. इंजिन तापत नाही म्हटल्यावर संगणक समजतो की ते अजून गार आहे आणि जास्त इंधन पाजत राहतो.

आता आकडेही स्थिर राहिलेले नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही जर्मन गाड्यांत वॉलच्या मेणाला विजेची छोटी शेगडी जोडली गेली. गाडी निवांत चालली असेल तर संगणक पाणी १०५ अंशांच्या आसपास राहू देतो. त्याने तेल पातळ राहतं, इंधन वाचतं. पाय दाबला की मेण तापवून दार लवकर उघडतो आणि पाणी ९० च्या खाली आणतो. विजेवरच्या गाडीत इंजिनच नाही, तरी प्रश्न सुटलेला नाही. लिथियम बॅटरीला साधारण २० ते ४० अंश मानवतात. म्हणून तिलाही पाणी, पंप, झडपा आणि पंखा लागतो.

तेव्हा गाडी तापली, तर आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पुरतं गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाब सुटताच ते पाणी उसळतं आणि चेहरा भाजतं. मग पाण्याची पातळी, झाकणाचं रबर, रेडिएटरचा गाळ, पंख्याची मोटर, पंप असं क्रमाने पाहायला सांगा. वॉलची शंका असेल तर तो काढून घरी आणा, पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. आकड्याच्या आसपास दार उघडू लागलं तर वॉल निर्दोष आहे, तो परत बसवा. नाही उघडलं तर त्याच आकड्याचा नवा आणा. मेस्त्री म्हणाला, "कशाला बसवता?" तर त्याला ही आडवाटेची गोष्ट सांगा.